गाणारीची जबानी

बायकांच्या गाण्याची स्पर्धा, सभागृहात सगळी ओळखीपाळखीची माणसं, मध्यंतरात चहा, आणि घंटा होऊन पडदा वर जातो तेव्हा एक गायिका मरून पडलेली. अशा घरगुती रहस्यकथा मी आवडीनं वाचते. त्यांत वाचणाऱ्याला एक भरवसा असतो. खुनी त्या सभागृहातलाच असणार आणि शेवटच्या प्रकरणात कोणीतरी त्याचं नाव घेणार. गाणारी बाई, खून आणि श्वास रोखून बघणारं शहर हे तिन्ही एकत्र आलेला आपल्याकडचा सर्वांत गाजलेला प्रसंग 1925 च्या मुंबईत घडला. त्याचे कागद भरपूर आहेत. उच्च न्यायालयातल्या खटल्याचा वृत्तान्त आहे, प्रिव्ही कौन्सिलचा निकाल आहे, परराष्ट्र व राजकीय खात्याच्या फायली आहेत, त्या वर्षाची इंग्रजी, मराठी, गुजराती वर्तमानपत्रं आहेत. एवढं सगळं चाळून शेवटच्या पानावर यावं, तर जिथे नाव हवं तिथे जागा कोरी आहे.

लोक त्याला ‘बावला खून खटला’ म्हणतात. मीही इतकी वर्षं तेच म्हणत आले. कागद तारीखवार लावून वाचले तेव्हा हे नावच मला खटकू लागलं. त्या रात्री मेला तो अब्दुल कादर बावला. पण मारेकरी आले होते ते मुमताज बेगमसाठी. तिनं न्यायालयात जे सांगितलं त्याच्या आधारावर सगळी घटना उभी आहे. तिची जबानी बाजूला काढली तर हातात रस्त्यावरची एक मारामारी आणि काही गोळ्या एवढंच उरतं.

सोमवार, 12 जानेवारी 1925. दिवेलागण होऊन गेली होती. केम्प्स कॉर्नरकडून मलबार हिलवर हँगिंग गार्डनकडे चढत जाणारा गिब्ज रोड. एका अंगाला पारश्यांच्या डुंगरवाडीची झाडी, वर श्रीमंतांचे बंगले, वर्दळ कमी. बावलाची मोटार त्या रस्त्यानं चालली होती. आत बावला, मुमताज, बावलाचा व्यवस्थापक मॅथ्यू, चालक आणि क्लीनर. बावला मुंबईतल्या बड्या धनिकांपैकी एक होता, वय जेमतेम पंचविशीचं. मुमताज त्याच्याकडे काही महिन्यांपासून राहत होती. मुंबईतच दोघांची ओळख झाली होती.

मागून दुसरी मोटार आली, हिच्यावर धडकली आणि हिला थांबावं लागलं. त्या मोटारीतली माणसं उतरली आणि त्यांनी बावलाच्या गाडीला वेढा घातला. ती शिव्या देत होती आणि बाईला खाली उतरवा म्हणून ओरडत होती, असं मुमताजनं पुढे शपथेवर सांगितलं. मग गोळ्या सुटल्या. बावला जबर जखमी झाला आणि काही तासांनी मरण पावला. मुमताजच्या चेहऱ्यावर धारदार हत्यारानं वार झाले.

इथपर्यंतचा प्रसंग कोणाच्याही हातून कोणत्याही दिशेला गेला असता. पण त्याच वेळी गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी वाट चुकून त्या रस्त्याला लागले. रहस्यकथेत असा योगायोग आणला तर संपादक हस्तलिखित परत पाठवील. इथे तो शपथेवरच्या साक्षींत आहे, म्हणून मान्य करायचा. गोळ्यांचे आवाज ऐकून ते धावले. लेफ्टनंट सेगर्ट यांच्या हातात गोल्फची काठी होती, तीच घेऊन ते मारेकऱ्यांवर तुटून पडले. त्यांनाही गोळी लागली. तरी त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी एकाला जागच्या जागी पकडलं. बाकीचे पळाले.

पण लगेच पळाले नाहीत, आणि माझ्या दृष्टीनं त्या रात्रीतला सर्वांत महत्त्वाचा तपशील हाच आहे. अधिकारी जखमी मुमताजला रुग्णालयात नेण्याच्या धडपडीत होते, तेवढ्यात मारेकऱ्यांनी तिला त्यांच्या हातून हिसकावण्याचा प्रयत्न केला. एकदा नाही, दोनदा. बावला गोळ्या लागून पडला होता. खून हाच हेतू असता तर काम झालं होतं आणि अंधारात निघून जायला रस्ता मोकळा होता. समोर लष्करातली माणसं, आपला एक साथीदार त्यांच्या ताब्यात, गोळीबाराचा आवाज टेकडीभर गेलेला, अशा वेळी कोणी परत येतं ते ज्या वस्तूसाठी पाठवलं आहे ती सोडून रिकाम्या हातानं जाता येत नाही म्हणून. ‘वस्तू’ हा शब्द जाणूनबुजून लिहिला आहे. त्यांच्या लेखी ती तशीच होती.

चेहऱ्यावरच्या वारांचा अर्थ कोणत्याही कागदात लिहिलेला नाही. तो मी माझ्या जबाबदारीवर लावते. जिला उचलून न्यायचं आहे तिच्या अंगावर इतरत्र कुठेही वार करून तिला गप्प करता आलं असतं. वार चेहऱ्यावर झाले. मैफलीत समोर बसून गाणाऱ्या बाईचा चेहरा तिच्या व्यवसायाचा भाग असतो. नेता आली नाही तर दुसऱ्या कोणाच्या मैफलीत ती बसू नये, एवढी काळजी त्या हातानं घेतलेली दिसते.

आता ही मुमताज कोण, हे तिच्याच जबानीतून पाहू.

ती अमृतसरची. गाणं आणि नाच हा तिच्या घरातल्या बायकांचा व्यवसाय. इंदूरच्या तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबारी ती आली आणि पुढे त्यांच्या जनान्यात राहिली. न्यायालयात तिनं सांगितलं की तिथे तिच्यावर कायम पहारा असे. भेटायला येणाऱ्यांना, नातेवाइकांना भेटण्याची मुभा होती, पण कोणीतरी सतत बरोबर असे. ती किती वर्षं तिथे होती यावर खटल्यात वाद झाला नाही. दहा वर्षं.

वर्तमानपत्रांनी 1925 मध्ये तिचं वय 22 दिलं आहे. हे दोन आकडे, 22 आणि 10, त्या काळापासून आजपर्यंतच्या बहुतेक सगळ्या लेखनात शेजारी शेजारी छापलेले आहेत. लिहिणाऱ्यांनी तिच्या सौंदर्याबद्दल परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले, महाराजांच्या शौकाबद्दल लिहिलं, बावलाच्या संपत्तीबद्दल लिहिलं. वजाबाकी फारशी कोणी केली नाही. बावीसमधून दहा गेले की बारा उरतात. त्यात इंदूर सोडून बावलाकडे येईपर्यंतचा काळ धरला तर त्याहूनही कमी. वयाचा आकडा वर्षा-दोन वर्षांनी इकडेतिकडे असेल, जन्माचा दाखला समोर नाही. तरी त्यानं चित्र बदलत नाही. इंग्रजी कागदांत ‘मिस्ट्रेस’ असा शब्द ज्या व्यक्तीसाठी वापरलेला आहे ती इंदूरला पोचली तेव्हा मुलगी होती. फ्रॉकच्या वयाची.

जनान्यात तिला मूल झालं, मुलगी. ती जन्मल्यावर दायांनी तिला मारलं, असं मुमताजनं सांगितलं. त्यानंतर इंदूरला राहण्याची तिची इच्छा उरली नाही. मसुरीला नेलं जात असताना दिल्ली स्टेशनवर ती उतरली आणि पुढे जायला तिनं नकार दिला.

त्या स्टेशनावरचा तो क्षण माझ्या मनातून जात नाही. एकोणीस तोफांची सलामी असलेल्या संस्थानिकाची माणसं बरोबर, फलाटावर गर्दी, आणि विशी-बाविशीची एक बाई सांगते आहे की मी येणार नाही. तिच्या हातात कोणता कागद नव्हता, कोणता हुकूम नव्हता. होता तो एवढाच भरवसा की दिल्ली ब्रिटिश हद्दीत आहे आणि इथे महाराजांचा शब्द म्हणजे कायदा नाही. दहा वर्षं पहाऱ्यात काढलेल्या बाईला हद्दीचा हा फरक नेमका कळत होता. ती अमृतसरला गेली तर तिथे पाळत. तिला परत चल म्हणून सांगायला माणसं आली. ती मुंबईला आली तर मुंबईत पाळत. तिला आसरा दिला म्हणून बावलाला धमक्या येऊ लागल्या. म्हणजे मलबार हिलची रात्र अचानक उगवलेली नव्हती. ती एका लांबलेल्या पाठलागाची शेवटची रात्र होती.

त्याच इंदूर दरबाराची दुसरी बाजू संगीताच्या इतिहासात आदरानं लिहिलेली असते, आणि ती खोटी नाही. सारंगीचे मोठे उस्ताद बुंदू खाँ इंदूरला नोकरीस होते. उस्ताद अमीर खाँ यांचे वडील शहमीर खाँ तिथेच सारंगी वाजवत, आणि अमीर खाँसाहेबांचं बालपण इंदूरच्या त्याच वातावरणात गेलं. होळकरांच्या आश्रयानं गाणं वाढलं, हे खरं. पण बुंदू खाँनी इंदूर सोडलं आणि ते दिल्लीला रेडिओवर वाजवू लागले तेव्हा त्यांना कोणी अडवलं नाही. पुरुष कलावंताची दरबारी नोकरी ही नोकरी होती, सोडता येणारी. मुमताजच्या बाबतीत तिचं गाणं, तिचं शरीर आणि तिचा जाण्यायेण्याचा हक्क हे तिन्ही एकाच हुकुमाखाली होते. दरबारी आश्रयाचा इतिहास लिहिताना हा फरक ठळक करून लिहिला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पोलिसांच्या तपासाकडे येऊ. मुंबईचे पोलीस आयुक्त तेव्हा पॅट्रिक केली होते. जागेवर पकडलेला माणूस बोलता झाला, मोटारीचा माग लागला, आणि धागे इंदूरपर्यंत गेले. तिथून पुढे तपासावर वरून दबाव येऊ लागला. संस्थानिकाचं नाव निघणं सरकारच्या सोयीचं नव्हतं. केली मागे हटले नाहीत, प्रसंगी राजीनाम्याची भाषा त्यांनी केली. शहरात उत्सुकता एवढी होती की पोलीस वृत्तपत्रांसाठी रोजच्या रोज निवेदन काढणार असल्याची बातमी ‘नवाकाळ’नं दिली. ‘नवाकाळ’ तेव्हा दोन वर्षांचाही झाला नव्हता. ‘संगीत मानापमान’ लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर त्याचे संस्थापक. स्वयंवराची आणि मानापमानाची नाटकं बालगंधर्वांच्या गळ्यातून ऐकलेला मराठी वाचक आता सकाळी त्याच नाटककाराच्या पत्रात एका खऱ्या गाणारीची हकिगत वाचत होता.

नऊ जणांवर मुंबई उच्च न्यायालयात खटला उभा राहिला. न्यायमूर्ती क्रम्प, समोर ज्युरी. सरकारतर्फे अॅडव्होकेट जनरल जमशेदजी कांगा. बचावात वेलिणकर, आणि आनंदराव गंगाराम फणसे या आरोपीतर्फे महमद अली जिना. फणसे हे इंदूरच्या फौजेतले वरिष्ठ अधिकारी, होळकरशाहीतले सरदार. आरोपींच्या यादीत मराठी आडनावं आणि मुसलमान नावं दोन्ही आहेत. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे काहींनी या प्रकरणाला हिंदू-मुसलमान रंग देऊन पाहिला. नावांची यादी समोर ठेवली की तो रंग टिकत नाही. ही सगळी एका दरबारची चाकर माणसं होती.

साक्षींची मांडणी मला फार बोलकी वाटते. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी सांगितलं ते ‘कोण’. त्यांनी माणसं पाहिली, झटापट केली, एकाला धरलं. त्यांच्या शब्दावर शंका घ्यायला ज्युरी तयार होणं कठीण होतं, आणि हेही मान्य केलं पाहिजे की वसाहतीच्या काळात एका नाचणाऱ्या-गाणाऱ्या बाईचा, एका व्यवस्थापकाचा आणि एका ड्रायव्हरचा एवढ्यांचाच शब्द असता तर खटल्याचं वजन वेगळं झालं असतं. पण अधिकाऱ्यांना ‘का’ माहीत नव्हतं. ते वाट चुकून आलेले होते. मुंबईतल्या एका श्रीमंत माणसाला मारायला एवढ्या दूरच्या संस्थानातून मोटार भरून माणसं का आली, याचं उत्तर देणारी व्यक्ती एकच होती. 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 8 हेतूबद्दल होतं आणि कलम 10 कटातल्या एकानं केलेली कृती दुसऱ्याविरुद्ध कशी धरता येते त्याबद्दल. हेतू समोर आला नसता तर कट सिद्ध करणं फार कठीण गेलं असतं. जागेवर हजर नसलेल्या माणसापर्यंत कायद्याचा हात पोचला तो मुमताजच्या ‘का’मुळे.

तिला किती ताण पडला असेल याची कल्पना करायला फार लागत नाही. चेहऱ्यावर ताज्या जखमांचे व्रण. कचेरीत माणसांची रेटारेटी. छायाचित्र मिळवण्यासाठी साप्ताहिकांची चढाओढ. समोर हिंदुस्थानातले नामांकित बॅरिस्टर, आणि उलटतपासणीत तिच्या चारित्र्यावर प्रश्न, कारण साक्षीदार बाई असली आणि त्यातून गाणारी असली की बचावाला पहिलं तेच सुचतं. आयुष्यभर तिला गा म्हटल्यावर गावं लागलं होतं, थांब म्हटल्यावर थांबावं लागलं होतं. इथे पहिल्यांदा लोक तिचं बोलणं लिहून घेत होते. ती डगमगली नाही.

तिचा आवाज आज आपल्याला भेटतो तो असा, लेखनिकाच्या हस्ते. गौहरजाननं 1902 मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोनसाठी गाताना तबकडीच्या शेवटी आपलं नाव उच्चारून ठेवलं. शंभर वर्षांनंतरही सुई टेकली की ती स्वतः सांगते मी कोण. हिराबाई बडोदेकर त्याच 1920 च्या दशकात मुंबई-पुण्यात तिकीट लावून मंचावर गाऊ लागल्या. कोणाच्या दिवाणखान्यात जाऊन गायचं नाही, श्रोत्यानं आपल्याकडे यायचं, ही वाट त्यांनी घालून दिली. मुमताजच्या वाट्याला तबकडी आली नाही की तिकिटाचा मंच आला नाही. तिचा मंच साक्षीदाराचा पिंजरा ठरला.

मे 1925 मध्ये निकाल लागला. तिघांना फाशी, चौघांना जन्मठेप काळ्या पाण्याची, दोघे सुटले. फणसे जन्मठेपेवर गेले, फाशी टळली ती जिनांच्या बचावामुळे असं त्या वेळी मानलं गेलं. उच्च न्यायालयाच्या मूळ फौजदारी अधिकारात झालेल्या शिक्षेवर तेव्हा देशात अपील नव्हतं, म्हणून आरोपी थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. तिथे परवानगी नाकारली गेली. फाशीच्या तिघांपैकी एकाला वेड लागल्यामुळे त्याची फाशी झाली नाही, उरलेले दोघे फासावर गेले.

क्रम्प यांनी निकालाच्या वेळी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. समोरच्या आरोपींच्या मागे आणखी कोणी असावं, ते नेमकं कोण हे आपल्याला दाखवता येत नाही, पण दहा वर्षं इंदूरच्या महाराजांकडे असलेल्या बाईला पळवण्याचा हा प्रयत्न असेल तर नजर इंदूरकडे वळणं गैर नाही, अशा आशयाचे ते शब्द आहेत. न्यायमूर्तीनं पुराव्याच्या पलीकडे एक पाऊलही टाकलेलं नाही, आणि जे दिसतं त्याकडे पाठही फिरवलेली नाही. सुरुवातीला मी ज्या कोऱ्या जागेबद्दल बोलले ती ही. न्यायालयानं ती आखून दिली, भरली नाही.

ती भरण्याचा अधिकार मुंबईच्या न्यायालयाला नव्हताच. गादीवरच्या संस्थानिकाला सामान्य आरोपीसारखं पिंजऱ्यात उभं करता येत नसे. त्यासाठी व्हाइसरॉयनं चौकशी आयोग नेमायचा, त्यात न्यायाधीश आणि इतर संस्थानिक बसवायचे, ही पद्धत 1920 च्या सरकारी ठरावानं घालून दिली होती. तिच्यामागे एक जुनी आठवण होती आणि मराठी माणसाला ती ठाऊक असते. 1875 मध्ये बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष घातल्याचा आरोप आला, तेव्हा आयोग बसला. लंडनहून सार्जंट बॅलंटाइन बचावाला आले. सहा सदस्यांचं मत दुभंगलं: तिघा इंग्रजांना आरोप पटला, तिघा हिंदी सदस्यांना पटला नाही. सरकारनं मल्हाररावांना तरीही पदच्युत केलं, कारण दिलं ते गैरकारभाराचं. पन्नास वर्षांनंतर इंदूरला कोणीही ते विसरलेलं नव्हतं. आयोगापुढे उभं राहणं म्हणजे काय, हे गायकवाडांच्या गोष्टीतून होळकरांना कळत होतं.

व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या सरकारनं तुकोजीरावांपुढे दोन वाटा ठेवल्या, आयोग किंवा राजत्याग. फेब्रुवारी 1926 च्या अखेरीस त्यांनी मुलाच्या, यशवंतरावांच्या, बाजूनं गादी सोडली. मलबार हिलच्या प्रकरणाशी आपला संबंध जोडला जातो त्याची यापुढे चौकशी होऊ नये, या समजुतीवर आपण हे करत आहोत, असं त्यांनी लिहून दिलं. हा कागद दोनदा वाचावा. त्यात कबुली नाही. नकारही असा ठाम नाही की ज्यासाठी माणूस आयोगापुढे जाईल. महाराजांवर खटला कधी चालला नाही, त्यामुळे हुकूम त्यांनी दिला असं विधान कोणत्याही प्रामाणिक इतिहासलेखकाला करता येणार नाही, आणि मी ते करत नाही. करता येतं ते एवढंच: प्रश्न विचारला गेला, आणि उत्तर देण्यापेक्षा गादी सोडणं पसंत केलं गेलं.

तुकोजीराव त्यानंतर दीर्घकाळ जगले. 1928 मध्ये अमेरिकेच्या नॅन्सी मिलर यांच्याशी त्यांनी लग्न केलं. त्याआधी नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते त्यांचा हिंदू धर्मप्रवेश झाला आणि त्या शर्मिष्ठादेवी झाल्या. मराठी वर्तमानपत्रांना पुन्हा काही महिने पुरेल एवढा विषय मिळाला. मलबार हिल मागे पडलं.

सिनेमानं तर खटल्याची वाटही पाहिली नव्हती म्हणावं अशी घाई केली. 1925 मध्येच कोहिनूर कंपनीचा ‘कुलीन कांता’ हा मूकपट आला, दिग्दर्शक होमी मास्टर. प्रसंग ताजा होता, शहर तिकिटं काढायला तयार होतं. मूकपट असल्यामुळे पडद्यावरच्या त्या बाईला आवाज नव्हता, ही त्या काळाच्या तंत्राची मर्यादा. पण नंतरच्या शंभर वर्षांत लिहिणाऱ्यांनीही तिला फारसा आवाज दिला नाही. सौंदर्यवती, मोहिनी, दोन धनिकांमधलं भांडणाचं कारण, अशी ती पुस्तकांतून आणि पुरवण्यांतून फिरत राहिली. इंग्रजी पत्रांतली ‘डान्सिंग गर्ल’ मराठीत येताना नायकीण झाली, कलावंतीण झाली. तक्रारदार झाली नाही.

म्हणून नावाबद्दल माझा आग्रह आहे. बावलावर अन्याय झाला यात शंकाच नाही. पंचविशीच्या एका माणसानं आसरा दिला आणि त्याची किंमत जिवानं मोजली. त्याचं नाव पुसावं असं मी म्हणत नाही. पण गुन्ह्याचं नाव गुन्ह्याच्या हेतूवरून ठेवायचं असेल, तर गिब्ज रोडवर त्या रात्री घडला तो एका बाईच्या अपहरणाचा प्रयत्न, आणि खून त्याच्या आड आलेल्या माणसाचा. पूर्ण वयाच्या बाईला बळजबरीनं एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायला दंडसंहितेत स्वतंत्र शब्द होता, अपहरण. नऊ जणांवरच्या आरोपांची सुरुवातच मुमताजला पळवून नेण्याच्या कटापासून होते. सरकारी वकिलांना, न्यायमूर्तींना, ज्युरीला जे 1925 मध्ये दिसलं ते आपण आपल्या बोलण्यात आणायला हरकत नसावी.

आरोपपत्रातला शेवटचा तपशील सांगते आणि थांबते. अपहरणाचा कट, खून, अधिकाऱ्यांवरचा हल्ला या सगळ्यांचा हिशेब मुंबईत झाला, कारण ते मुंबईत घडलं. मुमताजनं शपथेवर आणखी एका मृत्यूबद्दल सांगितलं होतं, इंदूरच्या जनान्यात जन्मलेल्या तिच्या मुलीच्या. नऊ जणांवरच्या आरोपांत तो कुठेही नाही. इंदूर ब्रिटिश हद्दीबाहेर होतं आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अधिकार तिथे चालत नव्हता.